मुखपृष्ठ : तरुणांच्या मासिकाचे

मासिक, वार्षिकांक किंवा दिवाळी अंकाचे बाहेरचे पहिले पान. अंकाचे नाव, चित्र किंवा छायाचित्र, आतल्या मजकुराची चुणूक देणाऱ्या दोन-तीन ओळी, महिना आणि किंमत एवढा ऐवज त्यावर असतो. सोळा ते पंचविशीच्या वाचकासाठी मुखपृष्ठ करताना खरी अडचण कलेची नसते, मंजुरीची असते. अंक हातात घेणार विद्यार्थी, पण चित्र पसंत करणार त्यांच्या वडिलांच्या वयाची समिती. महाविद्यालयीन वार्षिकांकांवर इमारत, संस्थापकांची तसबीर, उगवता सूर्य आणि उघडे पुस्तक यांची वर्षानुवर्षे वर्णी लागते ती यामुळेच.

मराठीत दिवाळी अंकांची प्रथा का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये सुरू केली. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांनी मुखपृष्ठाला स्वतःचा चाहता वर्ग मिळवून दिला. ती चित्रे घरातल्या सगळ्यांसाठी होती. मुलांसाठी १९७१ पासून ‘किशोर’ आहे. मधल्या वयाच्या, ना मूल ना कर्ता अशा वाचकाच्या वाट्याला मात्र बहुधा मोठ्यांचेच मुखपृष्ठ जरा भडक रंगात येते.

सोलापुरात या कामाला आणखी एक पदर आहे. घरी कन्नड, तेलुगू किंवा उर्दू बोलणारा आणि बाहेर मराठी वाचणारा तरुण इथे सर्रास भेटतो. पूर्व भागातल्या विणकर घरांत तर तेलुगूच अधिक कानी पडते. म्हणून इथल्या मुखपृष्ठावर चित्राने अधिक बोलावे आणि ओळींनी कमी. शब्दांवरच्या पुणेरी कोट्या इथे वाया जातात. ‘काय बे’ ही सोलापुरी हाक मोठ्या अक्षरांत छापण्याचा मोह अनेकांना होतो. एकदा हसू येते, दुसऱ्या अंकाला तो विनोद शिळा होतो.

विषयांचेही तसेच. तलावातले सिद्धेश्वर मंदिर, चादर आणि गिरणीची चिमणी हे तीन ठरलेले पाहुणे. ते वर्ज्य नाहीत, पण दुरून काढलेले चित्र कॅलेंडरसारखे दिसते. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात आणि ते पेलणारे पांढऱ्या बाराबंदीत असतात. सगळी मिरवणूक टिपली की पांढरे कपडे आणि फिकट आकाश एकमेकांत मिसळते. त्यावर पांढऱ्या अक्षरांतले नाव पार गायब होते. तेच जवळ जाऊन काठीवर आवळलेली बोटे आणि ध्वज तोलणाऱ्या पोराचा ताणलेला चेहरा घ्यावा. काठी उभी आणि पानही उभे, त्यामुळे चौकट आपसूक जमते. चेहरा खालच्या दोन तृतीयांशात बसवला की वर नावाला मोकळी जागा राहते. डोळे वाचकाकडे पाहणारे असावेत की काठीकडे, हा वाद घालण्याजोगा आहे. प्रस्तुत लेखकाचे मत काठीच्या बाजूने, कारण कॅमेऱ्याकडे पाहणारा चेहरा लगेच जाहिरातीतला वाटू लागतो.

चादरीची नक्षी पार्श्वभूमीला पसरणे ही नेहमीची चूक. सोलापुरी चादरीत आडवे पट्टे असतात आणि देवनागरी अक्षरांना आडवी शिरोरेषा; दोन्ही एकमेकांवर आल्या की रेषा पट्ट्यात हरवते आणि खाली नुसते लोंबते आकार उरतात. त्यापेक्षा जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) विणलेला एखादा मोर इतका मोठा करावा की त्याच्या कडेच्या पायऱ्या-पायऱ्या दिसाव्यात. आलेखाच्या चौकोनांतून उतरलेली ही नक्षी मोबाइलवरच्या जुन्या खेळातल्या चित्रांसारखी दिसते, आणि ते साम्य विशीतल्या वाचकाला सांगावे लागत नाही.

इतिहासाचा अंक असेल तर हात आणखी आखडतो. सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉनंतर (लष्करी अंमलानंतर) १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी झाली. चार लंबगोलांत चार चेहरे आणि मागे तिरंगा, ही मांडणी शाळेच्या भिंतीवर शोभते. कुर्बान हुसेन पत्रकार होते, एवढा एक धागा धरला तरी चित्र वेगळे सुचते.

अक्षरांसाठी घाई करू नये. वर वेलांटी, रफार, मात्रा आणि खाली उकार असल्याने देवनागरीच्या दोन ओळींत रोमनपेक्षा जास्त अंतर लागते. ते चेपले की उकार खालच्या शिरोरेषेत घुसतो. नावाची अक्षरे शक्यतो हातानेच रेखाटून घ्यावीत. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षके पाहिली की नावालाच स्वभाव देता येतो हे कळते. बाकीच्या ओळींना ‘मुक्ता’ किंवा ‘बालू’सारखे मोफत युनिकोड टंक पुरतात. जुन्या टंकातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे फुटतात, आणि मुखपृष्ठावर फुटलेले ‘ऱ्या’ सगळ्यांच्या आधी विद्यार्थ्यांनाच दिसते.

एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर अंक एकावर एक रचलेले असतात आणि प्रत्येकाचा फक्त वरचा भाग उघडा राहतो. नाव वर ठेवण्याची रीत तिथली. आता तोच अंक आधी व्हॉट्सॲपवर अंगठ्याएवढा दिसतो, तेव्हा चार ओळींची जागा एका ओळीने घ्यावी लागते.

छपाईच्या बाबी थोडक्यात. चारही बाजूंना कापणीसाठी ३ मिलिमीटर जादा चित्र सोडावे. फोटो छापील आकारात ३०० डीपीआयचा हवा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो, मूळ फाइलच मागावी. पडद्यावरचे झगझगीत हिरवे-गुलाबी चार शाईंच्या छपाईत मळकट उतरतात. मॅट लॅमिनेशनने गडद भाग आणखी काळवंडतो, म्हणून रात्रीचा फोटो असेल तर तो आधीच थोडा उजळून द्यावा आणि प्रूफ प्रेसमधल्या ट्यूबलाइटखाली न पाहता दारात उन्हात आणून पाहावे.