इन्व्हर्टरची बॅटरी : वय कसं ओळखायचं, वॉरंटीचा क्लेम कसा करायचा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांना भिडतो. अशात लाइट गेली आणि इन्व्हर्टर दहा मिनिटांत बसला की वॉरंटी कार्डाची शोधाशोध सुरू होते. ही कागदपत्रं बॅटरी घेतानाच नीट करून ठेवा; नंतर दुकानदाराच्या मर्जीवर राहावं लागतं.

बॅटरीला दोन तारखा असतात. ती कारखान्यात बनते त्या दिवसापासून म्हातारी होऊ लागते. वॉरंटी मात्र सहसा विक्रीच्या तारखेपासून मोजतात. बनल्याचा महिना आणि वर्ष लेबलवर किंवा सिरीयल नंबरात असतं. प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा, म्हणून तो दुकानदाराकडून वाचून घ्या. उन्हाळाभर गोदामात पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते, तिच्या प्लेटा कडक होतात. असा जुना माल मी तरी घेऊ नका असंच सांगेन.

क्लेमला पक्कं जीएसटी बिल आणि दुकानाचा शिक्का, तारीख असलेलं वॉरंटी कार्ड लागतं. बिल, कार्ड आणि बॅटरी, तिन्हीकडे सिरीयल नंबर एकच हवा. बिलावर तो नसेल तर तिथेच लिहून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो काढा. कच्च्या पावतीवर भांडता येत नाही.

कार्डावर ‘36+24’ असं काही असेल, तर पहिल्या 36 महिन्यांत बॅटरी फुकट बदलून मिळते. पुढच्या 24 महिन्यांत नवीन बॅटरीच्या किमतीत फक्त सूट. बदलून मिळालेल्या बॅटरीला बहुतेक कंपन्या जुन्या वॉरंटीची उरलेली मुदतच देतात.

तक्रार नोंदवली की तिचा नंबर घ्या. सर्व्हिस सेंटरवाले बॅटरी चार्ज करून बघतात आणि हायड्रोमीटर नावाच्या नळीने सहाही सेलची (बॅटरीतल्या कप्प्यांची) ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, बघतात. पाच सेल ठीक आणि एकच खाली दिसला तर तो सेल गेला, क्लेम बसण्याची शक्यता चांगली. सहाही सारखेच उतरलेले असतील तर बॅटरी नुसती डिस्चार्ज समजून परत देतात. ही तपासणी समोर उभं राहून बघा आणि आकडे लिहून मागा.

डबा फुटलेला, नंबर खोडलेला किंवा वरून ॲसिड टाकलेलं असेल तर क्लेम नाकारतात. पाणी आटून प्लेटा उघड्या पडल्या तरी तेच. आपल्याकडच्या उन्हात पाणी लवकर आटतं, त्यामुळे फ्लोटवर (पाण्याची पातळी दाखवणाऱ्या खुणेवर) लक्ष ठेवा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरचं पाणी कधीच नको, त्यातले क्षार बॅटरी मारतात.

हक्काचा क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा. तिथे सुटलं नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते; शहाद्याच्या माणसाने बॅटरी पुण्यात घेतलेली असली तरी नंदुरबारचा आयोग चालतो.