हात थांबत नाहीत, जॉब थांबतो

१८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. वऱ्हाडाचा कापूस दाराशी होता, पण इथल्या कोरड्या हवेत सूत कातणे सोपे नव्हते. ओलावा कमी झाला की कापसाचा धागा कमजोर होतो, घर्षणाने त्यावर विद्युतभार साठतो आणि तो तुटत राहतो. धागा सांधणारा कामगार कितीही चपळ असला, तरी धागा किती वेळा तुटावा हे त्याच्या हातात नसते. जमशेटजी टाटांनी गिरणीत हवा दमट ठेवणारी यंत्रे बसवली. कामाचा वेग वाढवायचा तर हातांआधी हातांभोवतीची परिस्थिती तपासावी लागते, आणि प्रक्रिया विश्लेषणाचा सगळा भर त्यावरच असतो.

आज हिंगणा एमआयडीसीत हे कसे कराल? समजा, इलेक्ट्रिक पॅनेलच्या पेट्या बनवणारे एक युनिट आहे. शीट कापणे, पंचिंग, बेंडिंग, वेल्डिंग, ग्राइंडिंग, सेव्हन टँक (रंगाआधी पत्रा धुऊन तयार करणाऱ्या सात टाक्या), पावडर कोटिंग, शेवटी फिटिंग. रोज ६० पेट्या बाहेर पडतात. मालकाची तक्रार एकच, ऑर्डर वेळेवर जात नाही. सुपरवायझर म्हणतो, माणसे हळू आहेत.

स्टॉपवॉच खिशातच ठेवा. आधी शॉपमध्ये फिरून अर्धवट पेट्या मोजा. समजा ३६० भरल्या. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: आत पडलेला माल भागिले रोज बाहेर जाणारा माल, म्हणजे एका जॉबला (इथे एका पेटीला) लागणारा सरासरी काळ. आत येणारा आणि बाहेर जाणारा माल साधारण सारखा असला की हा नियम कुठेही लागू पडतो. ३६० भागिले ६० म्हणजे ६ दिवस. आठ तासांच्या शिफ्टमधून अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी आणि दहा-दहा मिनिटांचे दोन चहा वजा केले तर ४३० मिनिटे उरतात. सहा दिवसांचे झाले ४३ तास. एका पेटीवर प्रत्यक्ष काम, टाक्या आणि ओव्हन धरूनही, दोन तासांच्या आत. बाकी ४१ तास पेटी नुसती पडून असते. सगळ्यांनी हात दुप्पट वेगाने चालवले तरी या ४१ तासांतला फार थोडा भाग कमी होईल.

पेटी कुठे पडून राहते हे कळण्यासाठी वीस जॉबना चिठ्ठी बांधा. प्रत्येक ठिकाणी जॉब आला कधी, हातात घेतला कधी, सोडला कधी, एवढे तीन आकडे लिहायचे. टाक्यांमध्ये कागद टिकत नाही, तिथे चिठ्ठी जिगच्या (पेटी टांगायच्या सांगाड्याच्या) नंबराने वहीत चढवा. सुरुवात करण्याआधी सगळ्यांना समोर बसवून सांगा की चिठ्ठीवर जॉबचा नंबर असेल, माणसाचे नाव नसेल, आणि या आकड्यांचा पगाराशी संबंध नाही. हा शब्द पाळला नाही तर दुसऱ्या आठवड्यापासून आकडे खोटे येतील, आणि त्यात चूक कामगारांची नसेल. कोणाची नोकरी जाईल या भीतीखाली खरे मोजमाप होत नाही.

आपल्या युनिटमध्ये चिठ्ठ्या वेल्डिंगकडे बोट दाखवतात. एका पेटीला १४ मिनिटे, दोन वेल्डर, म्हणजे दर ७ मिनिटांना एक पेटी. ६० पेट्यांना ४२० मिनिटे लागतात आणि हातात आहेत ४३०. कागदावर काम बसते, पण इथेच फसगत होते. ब्रिटिश गणितज्ञ जॉन किंगमन यांनी, तेही १९६१ मध्येच, दाखवले की यंत्र किंवा माणूस जितका भरलेला, तितकी त्यापुढची रांग वाढते, आणि ती सरळ प्रमाणात वाढत नाही. व्यग्र वेळ भागिले मोकळा वेळ, हा त्यातला मुख्य गुणक. ८० टक्के भरलेल्या ठिकाणी तो ४ असतो, ९० टक्क्यांना ९, ९५ टक्क्यांना १९. आपल्या वेल्डिंगवर ४२० भागिले १०, म्हणजे ४२! एक जॉब अडला, गॅसचा सिलिंडर संपला, की मागची रांग दिवसभर ओसरत नाही. वेल्डर एक मिनिटही रिकामा दिसत नाही म्हणून खूश होणाऱ्या व्यवस्थापकाने हा आकडा जरूर मांडून पाहावा.

आता घड्याळ काढा, पण मोजायचे काय ते ठरवून. एका आकड्यावर भरवसा ठेवू नका. वेळांचे प्रमाण विचलन (वेळा सरासरीभोवती किती पसरल्या आहेत त्याचे माप) सरासरीच्या २० टक्के असेल, तर ९५ टक्के खात्रीने १० टक्क्यांच्या आत सरासरी मिळवायला १६ नोंदी लागतात. समजा १४ मिनिटांची फोड अशी निघाली: आर्क चालू ५ मिनिटे, क्लॅम्प करून जॉब बसवणे ४, पार्ट आणि फिक्श्चर (जॉब धरून ठेवणारा साचा) शोधून आणणे ३, स्पॅटर (उडालेले धातूचे थेंब) आणि नोझल साफ करणे २. शोधून आणण्याची तीन मिनिटे वेल्डरची नाहीतच. एका हेल्परने दोघांचा पुढचा जॉब आधीच टेबलाजवळ आणून ठेवला की १४ ची ११ होतात. मग ६० पेट्यांना ३३० मिनिटे, मोकळी १००, आणि गुणक ४२ वरून ३.३. मोजणी ढोबळ आहे, तरी रांगेतला फरक आठवड्याभरात डोळ्यांना दिसतो.

नागपूरचा मे महिना मात्र हिशेबात धरा. पारा ४५ च्या वर गेला की वेल्डरजवळ डेझर्ट कूलर येतो, आणि यायलाच हवा. पण सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वेल्डिंगमध्ये वितळलेल्या धातूवर गॅसचे पांघरूण लागते. सेकंदाला दोनेक मीटरच्या वाऱ्यात ते उडते, हवा आत शिरते आणि जोडात बारीक छिद्रे पडतात. ग्राइंडिंगला ती उघडी पडतात आणि जॉब परत येतो. मग कोणीतरी गॅसचा फ्लो वाढवते. तो फार वाढवला तर गॅस स्वतःच भोवरे करून हवा ओढतो, त्यामुळे दोष आणखी वाढतो. उपाय म्हणजे आर्क आणि कूलर यांच्यामध्ये पडदा. डिसेंबरात घेतलेल्या वेळा मेमध्ये लागू होत नाहीत, त्यामुळे मोजणी पुन्हा करावी लागते. पावसाळ्यात त्रास वेगळा: ग्राइंडिंग झालेली उघडी सीआर (कोल्ड रोल्ड पोलादी) शीट दमट हवेत दोन दिवस पडली, त्यात घामाच्या हातांचे ठसे, की गंज धरते आणि टाक्यांमधला वेळ वाढतो. रांग लांबली की कामही वाढते ते असे.

वेल्डिंग मोकळे झाले की रोज ७८ पेट्यांची क्षमता दिसते. पण कारखान्यातून ७८ निघणार नाहीत. आता अडसर बेंडिंगला सरकला. एका पेटीला ५ मिनिटे, शिवाय दिवसाला तीन सेटिंग, म्हणजे डाय (साचा) बदलून मशीन पुढच्या लॉटसाठी तयार करणे, प्रत्येकी ३५ मिनिटांची. १०५ मिनिटे वजा जाता ६५ पेट्या. जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटात हजार टनी प्रेसचे चार तासांचे सेटिंग तीन मिनिटांवर आणले, ते एका भेदाच्या आधारावर: मशीन थांबवूनच करावे लागणारे काम वेगळे आणि मशीन चालू असताना उरकता येणारे वेगळे. आपल्या प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवणाऱ्या मशीनवर) डाय शोधणे, ती उचलून आणणे, ड्रॉइंग वाचणे हे सगळे मागचा शेवटचा जॉब चालू असताना होऊ शकते. त्यासाठी डायची ट्रॉली मशीनशेजारी हवी आणि प्रत्येक डायवर नंबर रंगवलेला हवा. मशीन बंद असताना फक्त डाय बसवणे आणि पहिला बेंड तपासणे उरते. ते १५ मिनिटांत बसले, तर वाचलेला तास कुठे घालायचा?

ऑर्डर ७० च्या वर असतील तर तीनच सेटिंग ठेवा, बेंडिंग ७७ पेट्यांपर्यंत जाते. ऑर्डर ६० च असतील तर सेटिंग पाच करा. २० ऐवजी १२ पेट्यांचे लॉट निघतात, वेल्डिंगपुढचा ढीग कमी होतो आणि ५५ मिनिटे मोकळी राहतात. सात सेटिंगचा मोह होईल, पण मग २५ मिनिटेच उरतात, सुरुवातीला होती तेवढीच. महिन्याने पुन्हा वीस चिठ्ठ्या बांधा, यावेळी एखाद्या सोमवारी आणि एखाद्या महिनाअखेरीस.