आपल्याच लॅपटॉपसाठी आपलीच चिप

नोव्हेंबर 2020 मध्ये ॲपलने स्वतः आखलेल्या एम1 चिपचा मॅकबुक एअर हा लॅपटॉप आणला. त्यात पंखाच नव्हता; त्याआधीच्या इंटेलच्या एअरमध्ये होता. पंखा काढून टाकायचा तर चिपने किती तापायचं हे तिचा आराखडा काढतानाच ठरवावं लागतं. बाहेरून प्रोसेसर घेणाऱ्या कंपनीच्या हातात ते फारसं नसतं, कारण तो प्रोसेसर अनेक कंपन्यांच्या नाना तऱ्हेच्या मॉडेलांत चालावा म्हणून बनलेला असतो.

हे काही एका रात्रीत झालं नाही. 2008 साली ॲपलने पी. ए. सेमी ही चिप डिझाइन करणारी कंपनी विकत घेतली आणि 2010 मध्ये पहिल्या आयपॅडमध्ये ए4 चिप आली. पुढची दहा वर्षं फोनच्या इवल्याशा बॅटरीवर काटकसरीचा हात बसत गेला. एम1 मध्ये प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांची भाषा आर्म या कंपनीची, कोअरची (म्हणजे त्या आज्ञा पाळणाऱ्या चिपमधल्या भागांची) रचना ॲपलची आणि चिप प्रत्यक्ष घडवली तैवानच्या टीएसएमसीने. 16 अब्ज ट्रान्झिस्टर, आठ कोअर: चार जोरकस कामांसाठी, चार कमी विजेत किरकोळ कामं उरकणारे.

पण मला सगळ्यात भावतो तो एक बारीक तपशील. समजा, एका कोअरने मेमरीत आधी हिशेब लिहिला आणि मग 'झालं' अशी खूण केली. इंटेलच्या पद्धतीत दुसऱ्या कोअरला या दोन्ही गोष्टी त्याच क्रमाने दिसतात. आर्ममध्ये तशी सक्ती नाही. खूण आधी दिसू शकते आणि हिशेब मागाहून. इंटेलसाठी लिहिलेले जुने प्रोग्रॅम मात्र तो क्रम गृहीत धरूनच चालतात. रोझेटा 2 हे सॉफ्टवेअर त्यांच्या आज्ञांचं आर्ममध्ये भाषांतर करतं. क्रम सांभाळायची जबाबदारीही त्याच्यावरच टाकली असती, तर जागोजागी 'थांब, आधीचं पुरं होऊ दे' अशा जादा आज्ञा घालाव्या लागल्या असत्या आणि प्रोग्रॅम रखडले असते.

म्हणून ॲपलने चिपमध्येच एक कळ ठेवली. भाषांतरित प्रोग्रॅमची पाळी आली की कोअर इंटेलचा क्रम पाळतो. पाळी संपली की पुन्हा आर्मच्या मोकळ्या नियमांवर येतो.