न्यूट्रलमधली स्लो आणि गिअरमधली स्लो: पार्श्वभूमी

वैनगंगेला इंजिनाची सवय उशिरा लागली. मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांचा डोंगा बांबूने ढकलला जाई. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. पुढे पाणी अडले, थेट भंडाऱ्यापर्यंत मागे पसरले, आणि मोठ्या बोटीला पुरेल एवढा जलाशय तयार झाला. तोवर इथल्या मिस्त्रीचा हात बसला होता तो शेतातल्या ऑइल इंजिनावर आणि मोटरसायकलवर. आजच्या वादाचे मूळ तिथे आहे.

वाद असा: स्टर्नड्राइव्ह बोटीची स्लो, म्हणजे एक्सलेटर न देता इंजिन ज्या संथ फेऱ्यांवर चालते ती, न्यूट्रलमध्ये लावायची की पुढचा गिअर टाकून?

स्टर्नड्राइव्ह म्हणजे इंजिन बोटीच्या पोटात आणि गिअर-पंख्याचा ड्राइव्ह मागे पाण्यात. ही रचना एका स्वीडिश कंपनीने १९५९ मध्ये बाजारात आणली. दोनतीन वर्षांत अमेरिकी कंपन्याही त्यात उतरल्या. इंजिने बहुतेक मोटारीचीच, चार, सहा किंवा आठ सिलिंडरची, समुद्री सुटे भाग लावलेली. त्या काळच्या अमेरिकेत ऑटोमॅटिक गाड्या भरपूर होत्या आणि त्यांच्या बॉनेटखालच्या स्टिकरवर आयडलचा, म्हणजे स्लोचा, आकडा अनेकदा ‘ड्राइव्ह’मध्ये दिलेला असे. गाडी थांबलेली, ब्रेक दाबलेला, पण इंजिनावर भार आहेच. बोटीच्या पुस्तिकांनीही हीच पद्धत धरली. कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) अनेक इंजिनांना ६०० ते ७०० आरपीएम सांगितले आहेत, आणि शेजारी स्पष्ट लिहिले आहे: पुढच्या गिअरमध्ये. आपल्याकडे तेव्हा सगळ्या गाड्या क्लचच्या. स्लो न्यूट्रलमध्येच लावायची असते, हे आपण मोटरसायकलवर शिकलो. त्यामुळे पुस्तिकेतला आकडा तेवढा लक्षात राहिला, शेजारची अट गळाली.

माझ्या मते ही अटच खरी, आकडा दुय्यम. न्यूट्रलमध्ये ६५० लावले की गिअर टाकताच पंखा पाणी रेटू लागतो, इंजिनाचे फेरे कमी होतात, इंजिन बंद होते. मग मिस्त्री म्हणतो, “भाऊ, थोडी स्लो वाढवून देतो.” ती नऊशेवर जाते, इंजिन बंद पडत नाही, मालक खूश. पण जुन्या अमेरिकी ड्राइव्हमध्ये मोटारीसारखा घसरत जुळणारा क्लच नसतो. दात असलेले दोन भाग एकमेकांत सरळ जाऊन अडकतात. नऊशेवर गिअर टाकला की दातांवर दात आपटतात आणि दरवेळी त्यांच्या कडा थोड्या झिजतात. शेवटी गिअर आपोआप सुटायला लागतो आणि खर्च ड्राइव्ह खोलण्यापर्यंत जातो. गिअर काढतानाही अडचण तीच. त्या ड्राइव्हमध्ये एक स्विच क्षणभर स्पार्क तोडून दातांवरचा ताण सैल करतो. फेरे जास्त असतील तर तेवढ्याने ताण सुटत नाही, फार कमी असतील तर त्या क्षणात इंजिनच बंद होते. साडेसहाशेच्या आसपासचा आकडा या दोन्हींच्या मधला आहे, आणि तो भाराखालीच खरा ठरतो.

म्हणून ट्रॉलीवर पाण्याची नळी जोडून लावलेली स्लो मला कधीच पटली नाही. तिथे पंख्याला भार नाही, आणि धुराला पाण्याचा दाबही नाही. बोट पाण्यात घट्ट बांधा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, एक्सलेटरची केबल सोडवा, पुढचा गिअर टाका, मग स्क्रूला हात लावा. फेरे दाखवणारा टॅकोमीटर सिलिंडरच्या संख्येप्रमाणे लावलेला आहे ना, तेही आधी पाहा. नाहीतर ६५० दिसतात आणि असतात भलतेच.

शब्दांचाही घोळ आहे. ‘स्लो’ म्हणजे बंदरात हळू चालणे, स्लोचा स्क्रू आणि इंजिनाचे संथ फेरे, तिन्ही. त्यातच मोटरसायकलचा ‘एअर स्क्रू’. तो आवळला की हवा कमी होते, मिश्रण घट्ट होते, म्हणजे त्यात पेट्रोलचे प्रमाण वाढते. बोटीच्या कार्ब्युरेटरचा मिश्रणाचा स्क्रू पेट्रोल आवरतो, तो आवळला की मिश्रण पातळ होते. सवयीने उलटा फिरवला की इंजिन खोकते, आणि मग दोष स्लोवर जातो.

नंतर स्पार्क देणारे जुने पॉइंट गेले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले. अमेरिकेत २०१० पासून नव्या स्टर्नड्राइव्हना प्रदूषणाचे कडक नियम लागले, धुरातले प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिस्ट आला, कार्ब्युरेटर मागे पडला. इंजेक्शनच्या इंजिनाचा आयडल संगणक हवेचा व्हॉल्व्ह हलवून सांभाळतो. तिथे स्क्रू शोधत बसू नये.

जुन्या कार्ब्युरेटरला मात्र नवी संकटे भेटली. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले. इथेनॉल पाणी ओढते, आणि महिनोन्‌महिने उभ्या बोटीच्या टाकीत ते पाण्यासह तळाशी बसते. आयडलची वाट सर्वांत बारीक, त्यामुळे पहिली तीच चोंदते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा गरम हवा विरळ होऊन मिश्रण घट्ट होते. आणि गोसीखुर्दच्या पाण्यावर इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, आहेच. तो पंख्याला गुंडाळला, किंवा जाळ्याचा तुकडा अडकला, तर भार वाढून गिअरमधली स्लो पडते. पावसाळ्यानंतर अशी तक्रार आली की स्क्रूड्रायव्हर काढण्याआधी ड्राइव्ह वर उचलून पंख्यात काय अडकले आहे ते पाहावे.