बेंजामिन, ज्यूडा फिलिप

(६ ऑगस्ट १८११–६ मे १८८४). अमेरिकेच्या दक्षिणेतील वकील, लुइझियानाचा सिनेटर व कॉन्फेडरेट शासनातील (यादवी युद्धात अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या शासनातील) मंत्री. जन्म वेस्ट इंडीजमधील सेंट क्रॉय बेटावर, सेफार्डिक (स्पेन-पोर्तुगालमधून आलेल्या) ज्यू कुटुंबात. पुढे हे कुटुंब नॉर्थ कॅरोलायनातील फेएटव्हिल व नंतर चार्ल्सटन येथे राहिले.

चौदाव्या वर्षी तो येल महाविद्यालयात दाखल झाला, पण १८२७ मध्ये पदवी न घेताच बाहेर पडला. त्याच्या कारणाविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत. वडिलांची आर्थिक ओढगस्त हे कारण त्याने स्वतः उत्तरायुष्यात सांगितले. सहाध्यायांच्या वस्तू चोरल्याचा आरोप १८६१ मध्ये, यादवी युद्धाच्या तोंडावर, गुलामगिरीविरोधी वृत्तपत्रात निनावी छापून आला. इतक्या उशिरा विरोधकांनी केलेल्या या आरोपाला फारसे वजन देता येत नाही. तथापि १८२८ च्या प्रारंभी येलच्या अध्यक्षांना पाठविलेल्या क्षमायाचनेच्या पत्रात त्यानेच आपल्या गैरवर्तनाचा उल्लेख केला आहे. तेव्हा शिस्तभंगाचे काही प्रकरण घडले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

न्यू ऑर्लीन्समध्ये १८३२ पासून त्याने वकिली केली. १८३३ मध्ये नाताली सेंट मार्टिन या कॅथलिक क्रिओल (लुइझियानातील फ्रेंच वंशाच्या) तरुणीशी त्याचा विवाह झाला. हुंड्यात रोख रकमेबरोबर दोन गुलाम मुलीही होत्या. १८४५ च्या सुमारास नाताली एकुलत्या एक मुलीला, निनेटला, घेऊन पॅरिसला गेली. पुढे पतिपत्नींची भेट बहुधा वर्षातून एकदाच होई. बेंजामिनने मरणापूर्वी कागदपत्रे नष्ट केल्यामुळे या संसाराविषयी मोजकेच लिहिता येते.

‘क्रिओल’ जहाजावरील गुलामांनी १८४१ मध्ये बंड करून ब्रिटिश अमलाखालील बहामा बेटांतील नासाऊ गाठले व ते मुक्त झाले. त्यांच्या मालकांनी भरपाईसाठी लावलेल्या दाव्यांत बेंजामिनने विमा कंपन्यांची बाजू मांडली. गुलामही माणूसच असून स्वातंत्र्याची ओढ त्याला स्वाभाविक आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. त्याच दशकात बेल शास येथील उसाच्या मळ्यावर सुमारे १४० गुलाम त्याच्या मालकीचे होते. ही विसंगती अक्षम्य आहे. ती केवळ वकिली कौशल्याच्या नावावर खपवता येणार नाही.

कॉन्फेडरेट शासनात तो क्रमाने महाधिवक्ता, युद्धमंत्री व परराष्ट्रमंत्री झाला. १८६५ च्या पराभवानंतर फ्लॉरिडामार्गे इंग्लंडला पळून गेला, १८६६ मध्ये तेथे बॅरिस्टर झाला व १८७२ मध्ये क्वीन्स कौन्सेल (ज्येष्ठ बॅरिस्टरांना मिळणारा सन्मानाचा दर्जा).

जंगम मालाच्या विक्रीवरील त्याचा ग्रंथ १८६८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इंग्लिश कायद्याची रोमन व फ्रेंच कायद्यांशी तुलना आहे. रोमन कायद्यात मालकी मिळण्यास ताबा लागे. फ्रेंच संहितेत वस्तू व किंमत यांवर एकमत होताच मालकी जाते. इंग्लिश कायद्यात निश्चित (करारातच नेमकी ठरलेल्या) वस्तूची मालकी केव्हा जाते, याबाबत पक्षांचा हेतू निर्णायक ठरतो. लुइझियानात फ्रेंच-स्पॅनिश वळणाचा कायदा चालत असल्याने या पद्धतींची तुलना त्याला सहज साधली. भारतीय करार अधिनियमातील ७६ ते १२३ ही कलमे काढून केलेला १९३० चा मालविक्री अधिनियम १८९३ च्या इंग्लिश अधिनियमावर बेतलेला आहे. त्यामुळे या ग्रंथाच्या सुधारित आवृत्त्यांचा आधार भारतीय न्यायालयांतही घेतला जातो.

निनेटचा विवाह १८७४ मध्ये एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याशी झाला. बेंजामिन पॅरिस येथे मरण पावला.