धर्मत्याग : एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्यातील तरुणांचा

जन्माने मिळालेला धर्म जाणतेपणी सोडणे म्हणजे धर्मत्याग. सोडणाऱ्याने दुसरा धर्म घेतला की त्याला धर्मांतर म्हणतात. पण प्रत्येक धर्मत्यागाचा शेवट धर्मांतरात होतोच असे नाही. मुंबई इलाख्यात १८३० पासून शतकाच्या अखेरीपर्यंत नव्या शिक्षणाचा वारा लागलेल्या काही तरुणांनी घरचा धर्म सोडला. उच्चवर्णीय घरांतून गेलेले असे तरुण थोडेच होते. प्रत्येकाच्या वेळी मात्र शहर ढवळून निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, शाळा ओस पडल्या. यांतल्या काहींनी आपण का गेलो हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे. तरुण माणूस आईबापांचा धर्म का सोडतो, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे इथे निंदकांच्या किंवा प्रचारकांच्या तोंडून न ऐकता खुद्द जाणाऱ्यांकडून ऐकता येते. दुष्काळाच्या काळात अहमदनगर भागात महार-मांग समाजातील कुटुंबे मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली; तो प्रवाह वेगळा, त्याची कारणेही वेगळी, म्हणून तो या नोंदीत घेतलेला नाही.

पहिला मोठा खटका पारशी समाजात उडाला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि १८३२ मध्ये त्यांनी इंग्रजी शाळा काढली. पुढे तिचेच विल्सन कॉलेज झाले. मे १८३९ मध्ये या शाळेतल्या धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. धनजीभाई तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा होता. मिशनऱ्यांनी मुलगा अडकवून ठेवला आहे, अशी तक्रार घेऊन समाजाची माणसे सुप्रीम कोर्टात गेली. मुलगा जाणता आहे, त्याला हवे तिथे त्याने जावे, असे कोर्टाने ठरवले आणि धनजीभाई विल्सनसाहेबांकडे परतला. पालकांनी भराभर मुले शाळेतून काढून घेतली.

शाळा आणि घर

मिशनच्या शाळेत मुलांना भुलवून बाटवले जाते, ही समजूत तेव्हा सर्वत्र होती, आजही आहे. तिच्यात तथ्य अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. या शाळांत बायबल रोज शिकवले जाई आणि मुलांचे मन वळवणे हा हेतू मिशनरी लपवतही नव्हते. पण त्याच मुंबईतल्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये धर्म शिकवलाच जात नव्हता, तरी घरच्या धर्मावरून मन उडालेले विद्यार्थी तिथूनही निघाले. तेव्हा केवळ बायबलच्या तासाला दोष देऊन भागत नाही.

भूगोलाच्या तासाला मुलगा पृथ्वीचा गोल बघे. घरी पोथीत मेरू पर्वत, त्याभोवती दुधाचे, दह्याचे, उसाच्या रसाचे समुद्र. ग्रहणाची आकृती त्याने सकाळी फळ्यावर काढलेली असे आणि ग्रहण लागले की घरात पाण्यावर दर्भ ठेवलेला दिसे. पोथीतले समुद्र खोटे ठरले म्हणून कोणी धर्म सोडत नाही. मुलाने हे घरात विचारले आणि त्याला ‘फार शहाणा झालास’ एवढेच उत्तर मिळाले, म्हणजे मन पहिल्यांदा दुरावते. ज्या शास्त्रीबुवांकडे उत्तर असू शकले असते ते इंग्रजी शिकलेल्या पोराशी बोलायला तयार नसत, आणि जो साहेब बोलायला तयार होता तो संध्याकाळी आपल्या दिवाणखान्यात बसवून तास न् तास बोले. या मुलांच्या घडणीत साहेबाच्या सिद्धांतांपेक्षा त्याने दिलेला वेळ अधिक मोलाचा ठरला असावा.

याला अपवाद होते. मोरभट दांडेकरांनी १८३० च्या सुमारास विल्सनशी जाहीर वाद केला. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी महिनोन्‌महिने प्रश्नोत्तरे केली आणि ती ऐकायला गर्दी लोटत असे. असे विष्णुबुवा घरोघरी नव्हते.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांची हकिगत या दृष्टीने फार बोलकी आहे. बेळगावच्या कासार कुटुंबात जन्मलेला हा मुलगा नास्तिक नव्हता, उनाड नव्हता. उपासतापास, पोथ्या, पूजाअर्चा यांत तो लहानपणी मनापासून रमलेला होता. ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्रात त्यांनी ती सारी भक्ती आठवून लिहिली आहे. ज्याला धर्म ही बाब जीव लावण्याची वाटते त्यालाच त्यातली विसंगती सलते. ज्याला फिकीर नसते तो सणाला पुरणपोळी खाऊन स्वस्थ झोपतो. पदमनजींनी ३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगावात बाप्तिस्मा घेतला. त्याआधीची काही वर्षे ते दोन घरांत पाय ठेवून होते. मनाने गेलेले, देहाने घरात. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही विधवांच्या दुःखावरची त्यांची कादंबरी पाहिली की त्यांना काय बोचत होते ते कळते.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) शाळेत गेल्याच नव्हत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले. हे कुटुंब तीर्थक्षेत्रे हिंडत, देवळाच्या ओवऱ्यांत पुराणे वाचत जगत होते. १८७० नंतरच्या दुष्काळात हाती होते ते सारे दानधर्मात, व्रतांत, अनुष्ठानांत घालून ते देवाच्या कृपेची वाट पाहत राहिले. वडील गेले, मग आई, मग बहीण. उरलेली भावंडे पायी चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथे त्यांच्या विद्वत्तेचा जयजयकार झाला. त्याच शहरात धर्मशास्त्र बारकाईने वाचताना, ग्रंथांचे इतर बाबतींत मतभेद असले तरी स्त्रीला हलके लेखण्यात ते एकमुखी आहेत, असे रमाबाईंना दिसले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात त्यांच्यावर टीकेची झोड उठली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’ (१८८५) काढून त्यांची बाजू घेतली. रमाबाईंना मोहात पाडले असे म्हणणे म्हणजे त्या देवळांच्या ओवऱ्यांत काढलेल्या वर्षांचा अपमान करणे होय.

पावाचा तुकडा

सगळे बाहेर पडले नाहीत. बऱ्याच जणांनी धर्म आतून सोडला आणि बाहेरून पाळला. या अवस्थेची संघटनाच निघाली : परमहंस सभा (१८४९). दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिचे प्रवर्तक आणि राम बाळकृष्ण जयकर अध्यक्ष. मूर्तिपूजा मानायची नाही, जातिभेद मानायचा नाही, ईश्वर एक आहे, ही तिची तत्त्वे. बैठका गुप्त. दादोबांनी रचलेल्या मराठी प्रार्थनांनी सुरुवात आणि शेवट.

नव्या सभासदाला ख्रिस्ती पाववाल्याने भाजलेला पाव खावा लागे. आज वडापाव खाणाऱ्याला यातला थरार समजणार नाही. वसई-गोव्याकडे विहिरीत पाव टाकून अख्खा गाव बाटवल्याच्या गोष्टी आज्या सांगत. बाटण्याची भीती त्या एका पदार्थात साठलेली होती. विशीतला ब्राह्मण किंवा प्रभू पोरगा दिव्याच्या उजेडात तो तुकडा उचलतो, चावतो, गिळतो आणि काहीच होत नाही. मग तो घरी जातो आणि सोवळे नेसून वडिलांच्या पंगतीला बसतो.

पुरेशी संख्या जमली की उघड व्हायचे, असा सभेचा विचार होता. तो दिवस उजाडला नाही. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली, नावे फुटणार म्हणून घबराट उडाली आणि सभा मोडली. तिच्यातल्या काहींनी १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभारला. तो उघडपणे चालला; पण त्याने हिंदू समाजाशी नाते तोडले नाही आणि सभासदांवर जात मोडण्याची सक्तीही केली नाही. या मंडळींना भित्रे म्हणण्याची रीत आहे. त्या काळी बहिष्कार म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे तो असा शब्द वापरताना थबकेल. न्हावी येत नाही, भटजी येत नाही, बहिणीचे लग्न जमत नाही, आईच्या मर्तिकाला खांदा द्यायला माणूस मिळत नाही. शतक संपत आले तरी १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाच्या निमित्ताने पुढे न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवरही ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचे प्रकरण, आले.

परतीची वाट

१८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याचा सुमारे बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला होता. वडील कोर्टात गेले. धनजीभाई जाणता ठरला होता, श्रीपत अजाण ठरला; कोर्टाने त्याला बापाच्या हवाली केले.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण पोरगा साहेबाच्या घरी जेवला होता. त्याला पंगतीत घ्यायचे कसे? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले. मुलाला प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घ्यावे, त्याला शास्त्राचा आधार आहे, असे त्यांचे म्हणणे. सनातनी मंडळींनी विरोध केला, ब्राह्मणवर्गात तट पडले आणि एवढ्या विद्वान, सर्वमान्य माणसाला आपल्याच लोकांचे शिव्याशाप ऐकावे लागले. आई दारात उभी आहे, मूल अंगणात आहे, आणि मधल्या उंबरठ्यावर मोठी माणसे शास्त्रार्थ करत आहेत, असे हे दृश्य आहे. या काळातल्या साऱ्या धर्मत्यागांत जी गोष्ट सर्वांत निर्णायक ठरली ती हीच. साहेबाच्या घरी एकदा जेवलेला मुलगा बाटला, की त्याचा विचार बदलला तरी त्याला जागा नव्हती. तरुणपणी माणूस चार वाटा चालून बघतो; इथे पहिल्याच वाटेवर पाऊल टाकताच मागचे दार लागत होते. मुले गेली याला मिशनऱ्यांइतकेच हे दारही जबाबदार आहे. नारायण शेषाद्री पुढे मिशनरी झाले आणि जालना भागात त्यांनी काम उभारले.

घरातली माणसे

जाणारा बहुधा विवाहित असे. विशीतल्या मुलाचे लग्न आठ-दहा वर्षांपूर्वीच झालेले. त्याच्या निर्णयाची झळ त्या मुलीला बसे, आणि तिला कोणी विचारलेले नसे. १८५० च्या कायद्याने धर्म सोडणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला, म्हणजे वडिलांच्या घरातला वाटा त्याला मिळू लागला. बायकोचा प्रश्न १८६६ च्या कायद्यापर्यंत लोंबकळत राहिला. ख्रिस्ती झालेल्या जोडीदाराबरोबर केवळ धर्मापायी नांदायला नकार असेल, तर कोर्ट एक वर्षाची मुदत देई आणि त्यानंतरही नकार कायम राहिला तर विवाह मोडता येई. त्या एका वर्षात माहेर, सासर, पंच आणि पाद्री यांच्या कात्रीत सापडलेल्या मुलींनी काय सोसले ते फारसे कोणी लिहून ठेवले नाही.

लिहिले ते लक्ष्मीबाई टिळकांनी. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. लक्ष्मीबाई नवऱ्याबरोबर गेल्या नाहीत. पुढची काही वर्षे त्या लहान मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या, नवऱ्याच्या नावाने रडल्या, चिडल्या, परत एकत्र आल्यावरही सोवळे सांभाळत राहिल्या. आणि हळूहळू, टिळकांच्या व्याख्यानांनी नव्हे तर रोजच्या हातच्या पाण्याच्या, शिवाशिवीच्या अनुभवांतून, जात देवाने केली नाही असे त्यांच्या मनाने घेतले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागोमाग त्या पोहोचल्या त्याच ठिकाणी, पण स्वतःच्या पायांनी. ‘स्मृतिचित्रे’मध्ये ही सारी वर्षे आहेत आणि या विषयावर मराठीत याहून खरे कोणी लिहिलेले नाही.

न गेलेले

ज्या शाळांतून बाबा पदमनजींसारखे तरुण घडले त्याच प्रकारच्या पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत जोतीराव फुले शिकले. ब्राह्मणी धर्म त्यांनीही सोडला, कठोरपणे सोडला, पण चर्चमध्ये गेले नाहीत. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाज काढला. गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) तर कोणत्याच देवाच्या दाराशी गेले नाहीत. समाजाने त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी ते पुण्यातच राहिले, त्याच गल्ल्यांतून कॉलेजात जात-येत राहिले. कुठेही न जाता सोडणे ही वाट आगरकरांनी रुळवली. आजचे बहुतेक मराठी तरुण धर्मापासून दूर होतात ते याच वाटेने : देव्हाऱ्यापुढे आईसाठी हात जोडतात, मनात काही उरलेले नसते, आणि घरात त्यावर बोलणे होत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला केलेली घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो अनुयायांसह घेतलेली धम्मदीक्षा ही या इतिहासातली सर्वांत मोठी घटना. पण तिथे एकेक तरुण घर सोडून गेला नाही. घरेच्या घरे, आजी-नातवंडांसह, एकत्र बाहेर पडली. एकोणिसाव्या शतकातल्या मुलांच्या वाट्याला आलेला एकटेपणा त्यांना सोसावा लागला नाही.

कायद्याच्या दृष्टीने धर्म न सांगण्याची मुभा बरीच उशिरा स्पष्ट झाली. सरकारी राजपत्रात धर्माच्या जागी ‘धर्म नाही’ अशी नोंद मागणाऱ्यांचा अर्ज फेटाळला गेला, तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदातील सदसद्‌विवेकाच्या स्वातंत्र्यात आपण कोणताच धर्म पाळत नाही असे सांगण्याचा हक्कही येतो, आणि अर्जात धर्म लिहिण्याची सक्ती सरकारला कोणावर करता येणार नाही.