स्टर्जनला वनस्पतीतेल चालत नाही?

कॅव्हिअर म्हणजे स्टर्जन माशाची खारवलेली गाभोळी. तलावात वाढवलेल्या स्टर्जनबद्दल एक समज टिकून आहे: खाद्यात माशाचे तेल नसेल तर मासा वाढत नाही. हे खरे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात १९९०च्या दशकात पांढऱ्या स्टर्जनच्या पिल्लांवर चाचण्या झाल्या. कुणाला मक्याचे तेल, कुणाला जवसाचे, करडईचे, सोयाबीनचे, कुणाला कॉडच्या यकृताचे, तर कुणाला चक्क डुकराची चरबी. काही आठवड्यांच्या त्या चाचण्यांत वाढीत लक्षणीय फरक पडला नाही. बदलली ती माशाच्या अंगातली चरबी. खाद्यातल्या तेलाची छाप तिच्यात स्पष्ट उमटली.

खाणाऱ्याने लक्ष द्यावे ते इथे. इपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ आम्ले मुळात सूक्ष्म शैवाल तयार करते आणि अन्नसाखळीतून ती माशात येतात. जवसातल्या ओमेगा-३पासून स्टर्जन ती थोडीफार बनवतो, पण माशाच्या तेलाची बरोबरी होत नाही. म्हणून वाढीच्या काळात वनस्पतीतेल आणि विक्रीआधी काही काळ माशाचे किंवा शैवालाचे तेल, हा मार्ग मला व्यवहार्य वाटतो.

‘जास्त चरबी चारली की गाभोळी जास्त’ हा तर त्याहून महागडा गैरसमज. जादा चरबी मादीच्या अंडाशयाभोवतीच साठते, अंडी वेगळी करणे जिकिरीचे होते आणि कॅव्हिअरचा उतारा घटतो. तोही कित्येक वर्षे मादी पोसल्यानंतर!